मातीचे जुने तंबाखू-पाइप : डागडुजी आणि पुनर्वापर

थेम्स नदीला ओहोटी लागली की लंडनच्या पात्रालगतच्या चिखलात पांढऱ्या मातीच्या बारीक नळ्यांचे तुकडे उघडे पडतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमध्ये तंबाखू ओढण्याचे सर्वसाधारण साधन म्हणजे हे मातीचे पाइप होते. ते स्वस्त असत, थोडेफार वापरून टाकून दिले जात आणि फार सहज मोडत. त्यामुळे नळीचे तुकडे ढिगाने मिळतात, पण तंबाखू भरण्याची वाटी आणि तिला जोडलेली पूर्ण लांबीची नळी असा अखंड नमुना क्वचितच हाती लागतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा लिलावात जे पाइप विकायला येतात, त्यांपैकी बऱ्याच पाइपांची नळी कधी ना कधी जोडलेली असते आणि ती जोडणी अनेकदा इतकी ढोबळ असते की दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागते. घरच्या घरी, साध्या साधनांनी आणि पाइपाला नवी इजा न करता हे काम कसे करावे, ते येथे सांगितले आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एका गोष्टीचा निर्णय घेणे भाग आहे. हा पाइप केवळ पाहण्यासाठी ठेवायचा आहे, हाताळण्यासाठी, की तोंडाला लावण्यासाठी? जुने डाग घालवण्याचा सर्वांत प्रभावी उपाय भट्टी हा आहे आणि तुकडे जोडण्याचा उपाय चिकटद्रव्य हा आहे. मात्र चिकटवलेला पाइप भट्टीत टिकत नाही आणि पेटवलेल्या तंबाखूच्या उष्णतेतही त्याचा भरवसा देता येत नाही. म्हणून भाजायचे असेल तर जोडण्याच्या आधी भाजावे, आणि एकदा जोडलेला पाइप पुन्हा कधीही आगीजवळ नेऊ नये. बहुतेक नुकसान हा क्रम उलटा केल्यामुळे होते.

हातात काय आहे ते ओळखणे

हे पाइप इंग्लंडच्या डेव्हन आणि डॉर्सेट भागांत मिळणाऱ्या, भाजल्यावर पांढरी होणाऱ्या बारीक मातीचे बनवत. ओली असताना ही माती हाताला शाडूसारखी मऊ लागते. मातीची वळी करून तिच्या एका टोकाला गोळा ठेवत, वळीतून तेल लावलेली तार आरपार सरकवत, मग ती दोन भागांच्या धातूच्या साच्यात दाबून वाटी पोकळ करत. साच्याचे दोन भाग जिथे मिळत, तिथे उमटलेली बारीक शीर नळीच्या दोन्ही बाजूंना असते आणि कारागिराने ती सुरीने तासलेली असली तरी तिरप्या उजेडात धरल्यास दिसते. दुरुस्ती करताना ही शीर फार उपयोगी पडते, कारण दोन तुकडे एकाच नळीचे असतील तर त्यांच्या शिरा एका रेषेत येतात.

वाटीच्या आकारावरून काळाचा अंदाज बांधता येतो. तंबाखू महाग होती त्या सुरुवातीच्या काळातील वाट्या अगदी लहान, मध्ये फुगीर आणि पुढे झुकलेल्या असतात. त्यांच्या तळाशी सपाट टाच असते आणि काठाभोवती दातेरी रेघ उठवलेली असते. अठराव्या शतकात वाटी मोठी, पातळ आणि उभी होत जाते आणि तिचा काठ नळीशी समांतर येतो. लंडनच्या अनेक पाइपांवर टाचेच्या दोन बाजूंना कारागिराची आद्याक्षरे असतात. पाइप तोंडात धरला आहे असे समजून पाहिल्यास डावीकडे नावाचे आणि उजवीकडे आडनावाचे अक्षर येते. एकोणिसाव्या शतकातील वाट्यांवर पाने, मुखवटे, जहाजे, पक्ष्यांचे पंजे असे हौशी नक्षीकाम दिसते. हॉलंडमधील खाउडा हे शहरही या धंद्याचे मोठे केंद्र होते. तेथील कारागिरांचा संघ १६६० मध्ये स्थापन झाला आणि त्यांचे पाइप नळीच्या झिलईवरून व टाचेच्या तळावरील बारीक ठशांवरून ओळखू येतात.

नळीच्या छिद्राचा व्यास हा दुसरा पुरावा आहे. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे छिद्र क्रमाने बारीक होत गेले. १६२० ते १६५० या काळातील नळ्यांत ते साधारण ३.२ मिलिमीटर असते, १६८० ते १७२० मध्ये २.४ मिलिमीटर, तर १७५० नंतर १.६ मिलिमीटरच्या आसपास येते. ही पद्धत तुकड्यांच्या मोठ्या समूहाला लागू पडते. एका तुकड्यावरून साल काढू पाहणे व्यर्थ आहे. आपल्या कामात मात्र तिचा वेगळा उपयोग होतो. ड्रिलच्या निरनिराळ्या जाडीच्या पात्यांची मागची गुळगुळीत बाजू हलकेच छिद्रात घालून दोन तुकड्यांचे माप घेतले आणि त्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला, तर ते तुकडे एका पाइपाचे नाहीत असे समजून जोडण्याचा विचार सोडून द्यावा. जुन्या व्यापाऱ्यांनी अशा बेजोड जोड्या पुष्कळ लावून दिलेल्या आहेत. त्या तशाच ठेवायच्या की सोडवायच्या, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझे मत सोडवण्याच्या बाजूने आहे.

धुणे आणि क्षार काढणे

नदीतून किंवा जमिनीतून आलेला पाइप वाळू देऊ नये. छिद्रातला गाळ एकदा सुकला की तो दगडासारखा बसतो आणि पुढे टोकरताना नळी तडकते. तुकडा स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावा, गाळ भिजला की सुई नसलेल्या इंजेक्शनच्या नळकांड्याने छिद्रात पाण्याची हलकी धार सोडावी आणि उरलेला गाळ बांबूच्या बारीक काडीने दोन्ही टोकांकडून थोडा थोडा सैल करावा. लोखंडी तार वापरू नये. ती आतून ओरखडे पाडते आणि तिचा गंज मातीत मुरतो. बाहेरून रंगकामाचा मऊ ब्रश पुरेसा आहे. टूथब्रशने घासल्यास पृष्ठभागाची झिलई जाते आणि टाचेवरचा पुसट ठसा कायमचा नाहीसा होतो. या कामात हातमोजे घालावेत, कारण लंडनचे सांडपाणी शतकानुशतके याच नदीत जात होते. मातीची नळी जिभेला चिकटते का हे पाहून ओळखण्याची जी जुनी सवय काही उत्खननकर्त्यांना असते, तिचे अनुकरण थेम्सच्या काठी तरी करू नये.

यानंतरची पायरी सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक महत्त्वाची आहे. ही माती सच्छिद्र असते, त्यामुळे पाण्यातील क्षार तिच्यात खोल शिरलेले असतात. पाइप वाळला की ते क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिकरूपाने जमतात, आणि हवेतील दमटपणा कमीजास्त होईल तसे विरघळत व पुन्हा घट्ट होत मातीचे पापुद्रे काढतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात एका पावसाळ्यातच याचा प्रत्यय येतो. उपाय सोपा आहे, पण त्याला धीर लागतो. पाइप प्लॅस्टिकच्या डब्यात डिस्टिल्ड पाण्यात बुडवावा आणि पाणी रोज बदलावे. घरातल्या आरओ यंत्राचे पाणी तपासण्यासाठी जो टीडीएस मीटर मिळतो, तोच येथे वापरता येतो : ताजे पाणी ओतल्यावर एक आकडा घ्यावा, चोवीस तासांनी दुसरा घ्यावा. सुरुवातीला दोन आकड्यांत मोठा फरक दिसेल. तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत पाणी बदलत राहावे, मग पाइप टिपकागदावर ठेवून सावलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर वाळवावा.

डाग घालवण्यासाठी ब्लीच, व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे आम्ल वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ब्लीच मातीत नवे क्षार सोडते, म्हणजे आधीचे सारे श्रम वाया जातात. आम्ले जुन्या दुरुस्तीतील प्लास्टर आणि टोकावरील काचेसारखा लेप खातात. सेंद्रिय डाग फारच खुपत असतील तर तीन टक्के तीव्रतेच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवून वरून प्लॅस्टिक गुंडाळावे आणि नंतर पाइप पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात घालावा. वाटीच्या आतील काळा थर मात्र उगाच खरवडू नये. त्या थरात काय ओढले गेले याचे रासायनिक अंश टिकून असतात. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील सतराव्या शतकातील तुकड्यांतल्या अशाच अंशांचे पृथक्करण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. चकचकीत वाटीपेक्षा न छेडलेली वाटी अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक मोलाची असते.

भट्टीचा उपाय, आणि त्याच्या मर्यादा

पाइप जेव्हा रोजच्या वापरात होते, तेव्हा ते पाण्याने साफ करत नसत. खानावळींत आणि दारूच्या गुत्त्यांत लोखंडी कड्यांचा पाळणा असे. त्यात अनेक मळके पाइप आडवे रचून तो पाळणा चुलीच्या निखाऱ्यांत किंवा पावाच्या भट्टीत ठेवत, आणि तंबाखूचा चिकटा जळून पाइप पुन्हा पांढरेशुभ्र होऊन बाहेर येत. असे पाळणे इंग्लंडमधल्या काही वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळतात.

आज हा प्रयोग फक्त अशा पाइपांवर करावा, जे एकोणिसाव्या शतकातील किंवा त्यानंतरचे, मुबलक मिळणारे, तडा नसलेले आणि ज्यांच्यावर रंग, लाख, मेण किंवा काचलेप नाही असे असतील. क्षार पूर्ण निघालेले असावेत आणि पाइप कित्येक दिवस वाळलेला असावा, कारण मातीत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर नळी फुटते. कुंभारकामाच्या स्टुडिओतील विजेची भट्टी यासाठी योग्य आहे. प्रथम शंभर अंश सेल्सिअसच्या जरा खाली काही तास ठेवावे, मग ताशी साठ ते शंभर अंशांच्या गतीने चढत सहाशे ते साडेसहाशे अंशांवर न्यावे, तेथे तासभर थांबावे आणि भट्टी बंद ठेवूनच थंड होऊ द्यावी. ५७३ अंशांच्या आसपास मातीतील गारगोटीचे कण एकाएकी आकार बदलतात. त्या टप्प्यावर चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा गती अगदी मंद हवी. हे पाइप मुळात साडेसहाशेच्या बऱ्याच वर भाजलेले असतात, त्यामुळे एवढ्या उष्णतेने मातीचे मूळ स्वरूप बदलत नाही. घरच्या गॅसच्या ज्योतीवर पाइप धरणे म्हणजे त्याचे तुकडे करणे होय.

जोडणी

संग्रहालयांतील दुरुस्तीसाठी पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ वापरली जाते. ती ॲसिटोनमध्ये विरघळते, वर्षानुवर्षे पिवळी पडत नाही आणि कधीही पुन्हा ॲसिटोन लावून सोडवता येते. हा शेवटचा गुण निर्णायक आहे. झटपट चिकटणारे द्रव्य सच्छिद्र मातीत खोल शोषले जाते आणि काही वर्षांत ठिसूळ होते. दोन नळ्यांतून मिळणारे इपॉक्सी मातीपेक्षाही कडक बनते, त्यामुळे पुढच्या आघातात सांधा टिकतो आणि पाइप शेजारी नव्या जागी मोडतो. सुतारकामाचा पांढरा गोंद पावसाळी हवेत नरम पडतो.

राळ खड्यांच्या रूपात मिळते. काचेच्या बरणीत ॲसिटोन घ्यावे आणि खडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून ती पुरचुंडी बरणीच्या तोंडाशी, अर्धी बुडेल अशी टांगावी. खडे तळाशी पडले तर त्यांचा एकच गोळा होतो आणि तो ढवळून विरघळत नाही. टांगलेल्या पुरचुंडीतून मात्र राळ मधाच्या धारेप्रमाणे खाली उतरताना दिसते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत द्रावण तयार होते. दोन द्रावणे लागतील : एक पातळ, शंभर भागांत सात-आठ भाग राळेचे, दुसरे घट्ट, राळ आणि ॲसिटोन वजनाने समसमान. ॲसिटोन अतिशय ज्वलनशील असल्याने हे काम देवघरातील समई, चूल आणि सिगारेट यांपासून दूर, उघड्या खिडकीशी करावे.

मोडलेल्या कडांवर प्रथम पातळ द्रावणाचा हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. असे न केल्यास कोरडी माती चिकटद्रव्य शोषून घेते आणि सांधा उपाशी राहतो. मग तुकडे कोरडेच जुळवून पाहावेत, साच्याची शीर एका रेषेत आहे याची खात्री करावी आणि पेन्सिलीने बारीक खूण करावी. घट्ट द्रावणाची पातळ रेघ एकाच कडेवर, बाहेरच्या काठापासून जराशी आत ओढावी, तुकडे दाबावेत, किंचित मागेपुढे हलवून बसवावेत आणि बारीक वाळूने भरलेल्या परातीत पाइप अशा कोनात रोवावा की वरच्या तुकड्याचे वजन सरळ सांध्यावर येईल. बाहेर आलेली राळ लगेच पुसू नये. ती रबरासारखी झाली की लाकडी काडीने सोलून निघते.

लांब नळीच्या सांध्याला नुसती राळ पुरत नाही, कारण नळी उचलताना तरफेचा सारा ताण त्याच अरुंद वर्तुळावर येतो. यासाठी छिद्राचाच उपयोग करावा. छिद्रापेक्षा थोडी बारीक अशी पितळी तार तीन-चार सेंटिमीटर लांबीची कापून, राळेत बुडवून, दोन्ही तुकड्यांत निम्मी निम्मी जाईल अशी बसवावी. छिद्र मोठे करण्यासाठी ड्रिल लावू नये. अशा पाइपातून अर्थातच हवा जाणार नाही. तो पाहण्याचा पाइप झाला.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा येथे वेगळा विचार करावा लागतो. बी-७२ साधारण चाळीस अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते. लंडनच्या कपाटात जो सांधा पिढ्यान् पिढ्या टिकेल, तो नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, पश्चिमेच्या भिंतीवरील काचेच्या पेटीत हळूहळू वाकेल. विदर्भात, मराठवाड्यात किंवा दुबईत पाइप ठेवायचा असेल तर साठ अंशांच्या आसपास मऊ होणारी पॅरालॉइड बी-४४ ही राळ तिच्यात मिसळावी, आणि काही झाले तरी लांब नळीला दोन ठिकाणी आधार देणारी बैठक करावी.

वाटीच्या काठाचा टवका उडाला असेल तर तो भरायलाच हवा असे नाही. भरायचा झाल्यास आधी कडांवर पातळ राळेचा थर द्यावा, म्हणजे प्लास्टरचे पाणी व क्षार जुन्या मातीत उतरणार नाहीत, आणि मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कोरडे मातकट रंग मिसळून भराव घालावा. भरावाची छटा मूळ मातीपेक्षा किंचित वेगळी ठेवावी. दोन मीटरवरून तो दिसू नये, पण पाइप हातात घेतल्यावर लगेच ओळखू यावा. हरवलेल्या नळीच्या जागी दुसऱ्या पाइपाची नळी बसवू नये.

पुन्हा वापरात आणणे

मोडलेल्या पाइपाचा पुनर्वापर ही आजची कल्पना नाही. नळी मध्येच मोडली की जुने लोक तुटकी कड दगडावर घासून किंवा चाकूने तासून गुळगुळीत करत आणि आखूड झालेला पाइप ओढत राहत. उत्खननात मिळालेल्या काही नळ्यांच्या टोकांवर असे तासलेले पैलू आणि त्यांवर दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात. असा मूळ दुरुस्तीचा पुरावा आढळल्यास तो घासून 'नीट' करू नये.

नदीतून, जमिनीतून किंवा अज्ञात हातांतून आलेला पाइप तोंडाला लावू नये. सच्छिद्र मातीत काय मुरले आहे ते धुऊन कळत नाही. वापर करायचाच असेल तर कारखान्यातील न विकला गेलेला, कधीही न पेटवलेला एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील माल पाहावा किंवा जुन्या साच्यांत आजही हाताने पाइप घडवणाऱ्या कारागिरांकडून नवा घ्यावा. श्रॉपशरमधील ब्रोझली येथे शतकानुशतके पाइप बनत. तेथील एक कार्यशाळा आता संग्रहालय म्हणून जपलेली आहे. न वापरलेल्या पाइपाचे टोक तुटके असेल तर चारशे क्रमांकाचा पाण्यात चालणारा पॉलिशपेपर ओला करून त्यावर ते गोल घासावे. कोरडे घासू नये, कारण ही धूळ फुप्फुसांना घातक आहे. नंतर टोकाच्या दोन सेंटिमीटर भागाला कोमट करून शुद्ध मधमाशीचे मेण लावावे. कोरडी माती ओठाला चिकटून कातडी सोलते, म्हणूनच जुने कारखानदार टोकाला लाख किंवा काचलेप देत. तंबाखूचे दुष्परिणाम पाइपाच्या वयाने कमी होत नाहीत, आणि मला विचाराल तर असा पाइप साबणाचे फुगे काढायला सर्वांत शोभतो. मिले या चित्रकाराच्या १८८६ मधील प्रसिद्ध चित्रातला मुलगाही मातीच्या पाइपानेच फुगे काढतो आहे.

ठसा, नक्षी किंवा टाच नसलेले नळीचे साधे तुकडे ओवून माळ करता येते, कारण छिद्र आयतेच असते. त्यासाठी चांगली नळी कापू नये आणि माळेतील तुकड्यांवर पातळ राळेचा हात द्यावा, म्हणजे घामाचे क्षार आत जाणार नाहीत.

प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी : पाइप कोठे मिळाला, कोणती राळ वापरली, भराव कोठे आहे, भट्टीत गेला होता का. ही चिठ्ठी पाइपाच्या डब्यातच असावी. थेम्सच्या पात्रात वस्तू शोधण्यासाठी लंडनच्या बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, नुसते नजरेने पाहून उचलण्यासाठीसुद्धा. आणि तीनशे वर्षांपेक्षा जुनी वस्तू मिळाल्यास ती सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवावी लागते. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हेही ध्यानात घ्यावे की ब्रिटनच्या जमिनीत किंवा पात्रात सापडलेली पन्नास वर्षांपेक्षा जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी, तिची किंमत कितीही कमी असली तरी, निर्यात परवाना आवश्यक असतो. शिवाय भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तसे झाल्यास ती भारतातून पुन्हा बाहेर नेणे खासगी व्यक्तीला जवळजवळ अशक्य होते. तेव्हा पुण्याला सुट्टीवर येताना तो डबा सामानात टाकण्यापूर्वी परवान्याचा अर्ज करावा, आणि परत न्यायचा विचार असेल तर पाइप लंडनलाच ठेवून यावे.